उन्हाची तिरीप आणि पोलराइज्ड चष्मा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पणजीतील एका चष्म्याच्या दुकानातून नंबराच्या पोलराइज्ड, म्हणजे परावर्तित उन्हाची चकाकी अडवणाऱ्या भिंगांचा चष्मा खास गाडी चालवण्यासाठी करून घेतला. फ्रेमसह त्याचे ६,२०० रुपये झाले. त्यानंतरचा कडक उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि आता डिसेंबरची कोवळी उन्हे, असे तिन्ही ऋतू तो वापरून झाल्यामुळे त्याविषयी लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे. मात्र हा चष्मा मी का घेतला, हे सांगितल्यावाचून तो कसा आहे हे सांगणे अपुरे ठरेल.

माझे घर पणजीतील मळा या भागाजवळ आहे आणि नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत. सकाळी रायबंदरच्या बांधावरून जुने गोवे, तिथून बाणस्तारीचा पूल आणि मग कुंडई, असा माझा रोजचा रस्ता आहे. म्हणजे सकाळी पूर्वेकडे जायचे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे परतायचे. फोंड्याहून पणजीला नोकरीसाठी येणाऱ्यांच्या पाठीवर दोन्ही वेळा ऊन असते, माझ्या मात्र दोन्ही वेळा डोळ्यांवर. त्यातही रायबंदरचा बांध सर्वांत कठीण आहे. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला हा तीन किलोमीटरहून थोडा लांब रस्ता जवळजवळ पाण्याच्या पातळीवरूनच जातो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरांचे पाणी, आणि समोर नुकताच उगवलेला सूर्य. ऊन वरून येते आणि पाण्यावरून उसळूनही येते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील एका सकाळी, साधारण सात वाजून दहा मिनिटांनी, बांध संपून रस्ता रायबंदर गावात शिरतो तिथे माझ्या गाडीचा धक्का एका पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या, सायकलला लागला. माझा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असावा. समोरची काच एकदम पांढरी झाली, मी डोळे बारीक केले, सन व्हायझर खाली ओढण्यासाठी हात वर नेला, आणि तेवढ्यात बंपरवर काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. उतरून पाहिले तर सायकल आडवी पडली होती, मागचे चाक वाकले होते, टोपलीवरचे निळे प्लास्टिक बाजूला झाले होते आणि पाव रस्ताभर विखुरले होते. पोदेरांच्या कोपराला आणि गुडघ्याला खरचटले होते. मी त्यांना गाडीत बसवून इस्पितळात नेले आणि पोलिसांना कळवले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ही दोन्ही कामे चालकाची आहेत, पण त्या क्षणी कायदा मनात नव्हता. मनात एकच वाक्य घोळत होते, की उन्हाची तिरीप आली म्हणून ते मला दिसले नाहीत.

हेच वाक्य मी जबाबात लिहायला घेतले. "ऊन डोळ्यांवर आल्यामुळे मला समोरचे काही दिसत नव्हते," इथपर्यंत लिहून झाल्यावर पुढचे वाक्य सुचेना, कारण पुढे लिहायचे ते असे होते, की काही दिसत नसतानाही मी गाडी चालवत राहिले. जे मी माझ्या बचावासाठी लिहीत होते ती माझ्याच चुकीची कबुली होती. पोदेर माझ्याच दिशेने चालले होते, म्हणजे तोच सूर्य त्यांच्याही डोळ्यांत होता. ते रस्त्याच्या कडेने आणि सावकाश चालले होते, एवढाच आमच्यातला फरक.

कायदाही याहून वेगळे काही सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याविषयी जे म्हटले आहे त्यात ठिकाणाचे स्वरूप, रस्त्याची अवस्था आणि वापर, तसेच त्या वेळची रहदारी, अशी सारी परिस्थिती विचारात घ्यायची असते, आणि समोरून येणारे ऊन हा त्या परिस्थितीचाच भाग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी कलम २८१ आहे, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात अटळ होता असे म्हणायचे, तर साधी काळजी घेऊनही तो टळला नसता असे दाखवावे लागते. झाड अचानक कोसळले तर तसे म्हणता येईल. सूर्य कुठे उगवणार हे आदल्या दिवशीच ठाऊक असते. नुकसानभरपाईच्या बाबतीत तर प्रश्न आणखी सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये चालकाची चूक सिद्ध न करताही मागता येतात, तिथे उन्हाची सबब पुढे करण्याचा प्रसंगच येत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये याबाबत एका ओळीचा नियम आहे, की प्रखर उन्हाने डोळे दिपले तर वेग कमी करा आणि गरज पडल्यास थांबा. आपल्याकडे वाहन परवान्याच्या परीक्षेची तयारी करताना हे मला कोणी इतक्या थेट शब्दांत सांगितल्याचे आठवत नाही.

एक गोष्ट मात्र चालकांच्या बाजूने मान्य करावी लागेल. वळण घेताच किंवा झाडांच्या सावलीतून बाहेर येताच ऊन एकाएकी डोळ्यांवर आदळते, तेव्हा तो पहिला क्षण कोणाच्याही हातात नसतो. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर. पहिल्या सेकंदाचे ते ११ मीटर मी उन्हाच्या नावावर टाकायला तयार आहे, त्यापुढचे प्रत्येक मीटर चालकाचे. आणि रस्ता रोजचा असेल तर पहिला सेकंदही चालकाचाच धरला पाहिजे.

आता चष्म्याविषयी. अपघात झाला तेव्हाही माझ्या डोळ्यांवर चष्मा होता, उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या भिंगांचा. तो आधीच्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातून घेतला होता आणि तिथे मला, गाडी चालवायला हाच उत्तम, असे ठामपणे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात ही भिंगे अतिनील किरणांमुळे गडद होतात, आणि गाडीची समोरची काच थरांची असल्यामुळे ते किरण जवळजवळ पूर्ण अडवते. त्यामुळे गाडीत बसल्यावर ती भिंगे साध्या भिंगांसारखीच राहतात. वर्षभर मी रस्त्यावर चालताना भिंगे काळी झालेली पाहत होते आणि गाडीतही तशीच होत असतील असे गृहीत धरून चालले होते. विकणाऱ्याने ही गोष्ट सांगायला हवी होती असे मला आजही वाटते, कारण त्या भरवशावर माणूस गाडी चालवतो.

नव्या दुकानात नेमके उलट घडले, आणि हा अभिप्राय लिहिण्याचे मोठे कारण तेच आहे. तिथल्या तरुण सहायकाने मला भिंगाचा नमुना हातात देऊन दुकानाच्या दाराशी आणले. समोर एक पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या बॉनेटवर ऊन चकाकत होते. नमुन्यातून पाहताच ती चकाकी पुसल्यासारखी गेली आणि बॉनेटवरचे धुळीचे ठिपकेसुद्धा दिसू लागले. मग तो म्हणाला, "मॅडम, आता मान खांद्याकडे वाकवा." मान वाकवली तशी चकाकी परत आली. आडव्या पृष्ठभागावरून, म्हणजे पाणी, ओला रस्ता, बॉनेट यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने बहुतांशी आडव्या दिशेत असतात आणि हे भिंग नेमकी तीच अडवते, असे त्याने समजावून दिले. लगेच त्याने हेही सांगितले, की सूर्याकडून थेट येणारा प्रकाश असा एका दिशेत बांधलेला नसतो, म्हणून सूर्य समोर असेल तर हे भिंग साध्या काळ्या काचेइतकेच काम करील, त्याहून फार जास्त नाही. वस्तू विकायला बसलेल्या माणसाने तिची मर्यादा आधी सांगावी, हे मला फार मोलाचे वाटले.

डोळे तपासताना तिथल्या बाईंनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. माझे वय ५४ आहे. वय वाढते तसे डोळ्यातील नैसर्गिक भिंग धूसर होऊ लागते, आत शिरलेला प्रकाश त्यात विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर धुक्यासारखा पडदा धरतो. तरुणाला जे ऊन नुसते त्रासदायक वाटते, तेच माझ्या वयाच्या माणसाला काही क्षण खरोखर आंधळे करू शकते. त्यांनी मला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची अगदी सुरुवात असल्याचे निदान झाले. हा खर्च वेगळा झाला, पण मला वाटते चष्म्याहूनही ही तपासणी महत्त्वाची होती.

भिंगे निवडताना रंगापेक्षा श्रेणी पाहावी. माझी भिंगे तिसऱ्या श्रेणीची आहेत, म्हणजे ती ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडतात. चौथ्या श्रेणीची भिंगे त्याहून काळी असतात आणि ती वाहन चालवण्यासाठी नसतात. पदपथावर टांगलेल्या दोनशे-तीनशे रुपयांच्या चष्म्यांवर यांपैकी काहीच लिहिलेले नसते.

रायबंदरच्या बांधावर या चष्म्याचा उपयोग पहिल्याच दिवशी जाणवला. पाण्यावरून येणारा लखलखाट निम्म्याहून अधिक कमी झाला आणि खारफुटीच्या कडेला उभा असलेला गळ टाकणारा माणूस मला बऱ्याच आधीपासून दिसला. पावसाळ्यात तर त्याचे खरे मोल कळले. सरी थांबून अचानक ऊन पडते तेव्हा बाणस्तारीच्या पुढचा ओला डांबरी रस्ता आरशासारखा होतो, रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसेनासे होतात आणि खड्डा कुठला, पाणी कुठले हे कळत नाही. अशा वेळी या भिंगांतून रस्ता स्वच्छ, काळा आणि खरा दिसतो. या एका कामासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

थेट सूर्यासमोर मात्र तो सहायक म्हणाला तसेच झाले. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या सुमारास, सूर्य नेमका पूर्वेला उगवतो आणि पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टोकावर येऊन बसतो. सप्टेंबरमधील ढग नसलेल्या दोन-तीन सकाळी चष्मा असूनही मला रायबंदरच्या तोंडाशी वेग पंधरा-वीसवर आणावा लागला, आणि एकदा तर गाडी कडेला घेऊन थांबावे लागले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. वाजवू दिला. सध्या डिसेंबरमध्ये सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे बांधावर ऊन समोरून न येता उजवीकडून, नेमके चालकाच्या खिडकीतून येते. त्यासाठी व्हायझर काढून खिडकीकडे फिरवून ठेवावा लागतो, आणि तो गाडी सुरू करण्यापूर्वी फिरवावा. माझा हात त्या दिवशी स्टिअरिंगवर नव्हता, हे मी विसरू शकत नाही.

दोष म्हणाल तर पहिला आणि सर्वांत मोठा असा, की नंबराचा काळा चष्मा सतत बदलावा लागतो. संध्याकाळी परतताना सूर्य आल्तिनोच्या टेकडीआड गेला की ही भिंगे एका मिनिटात फार काळी वाटू लागतात, आणि साधा चष्मा लावल्याशिवाय पर्याय राहत नाही. चालत्या गाडीत चष्मा बदलणे हा दुसऱ्या अपघाताला निमंत्रण देणारा प्रकार आहे, म्हणून मी पणजीत शिरताना लागणाऱ्या पाटो भागाच्या अलीकडे जागा पाहून थांबते. दाट झाडांच्या सावलीतही हाच त्रास होतो. दुसरे असे, की मोबाइलवरचा नकाशा आणि पेट्रोल पंपावरचे आकडे काही कोनांतून काळे पडतात, आणि इतर गाड्यांच्या मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी दिसते. त्याची चार दिवसांत सवय होते. नाकावरच्या गाद्या आपल्याकडच्या घामाने घसरतात, त्या दुकानाने एकदा विनामूल्य बदलून दिल्या. चष्मा सहा दिवसांत देतो म्हणून अकराव्या दिवशी दिला, आणि उशीर होणार असल्याचा फोन मात्र केला नाही, हे या दुकानाचे उणे. चष्मा डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये, उष्णतेने भिंगातले थर सुटू शकतात असे त्यांनी बजावले होते. मी तो डबीत ठेवते आणि आठ महिन्यांत भिंगांना काही झालेले नाही.

एका बिनखर्चाच्या गोष्टीचा उल्लेख केला नाही तर हा अभिप्राय प्रामाणिक ठरणार नाही. अपघातानंतर मी समोरची काच प्रथमच आतल्या बाजूने नीट पुसली. पांढरे सुती फडके करड्या रंगाचे झाले. गाडीतील प्लास्टिक तापून सुटणाऱ्या वाफांचा एक चिकट पापुद्रा आतून बसतो, बाहेरून खाऱ्या वाऱ्याचे मीठ आणि तांबडी धूळ बसते, आणि जुन्या वायपरचे ओरखडे असतातच. एरवी हे काही दिसत नाही, पण तिरपे ऊन पडले की त्यातील प्रत्येक कण पेटतो आणि काच पांढरी होते. त्या सकाळी पांढरी झालेली काच निम्मी उन्हाने आणि निम्मी माझ्या आळसाने पांढरी झाली होती, असे मी आता म्हणेन. डॅशबोर्डला चकाकी आणणारे द्रावण लावणेही मी बंद केले आहे, कारण त्याचे प्रतिबिंब काचेवर पडते. काचेला काळी फिल्म लावण्याचा सल्लाही काही जणांनी दिला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे समोरच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि रात्रीच्या अंधारात आपल्याला त्या प्रकाशाची गरज असते, म्हणून तो सल्ला मी ऐकला नाही.

दुसरी बिनखर्चाची गोष्ट वेळेची. आपल्या गोव्याच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, मार्च-सप्टेंबरमध्ये तासाला सुमारे १४ अंश. म्हणजे अर्धा तास उशिरा निघाले तर तो सात अंश वर गेलेला असतो आणि बहुतेक वेळा व्हायझरच्या आड येतो. उत्तरेकडच्या थंड देशांत हिवाळ्यात सूर्य तासन् तास खालीच रेंगाळतो, तिथल्या चालकाला ही सवलत नाही. आपल्याला ती आहे. मी कार्यालयात विनंती करून माझी वेळ आठऐवजी साडेआठ करून घेतली, आणि खरे सांगायचे तर सकाळच्या प्रवासात चष्म्याने जेवढे दिले त्याहून अधिक या अर्ध्या तासाने दिले. ज्यांना वेळ बदलून मिळणे शक्य नाही, त्यांनी तेवढा भाग हळू जाण्यासाठी घरून पाच मिनिटे आधी निघावे.

पाठीवर ऊन घेऊन येणाऱ्यांसाठीही एक शब्द. तुम्हाला रस्ता स्वच्छ दिसतो, म्हणून समोरच्यालाही तुम्ही दिसत असाल असे धरून ओव्हरटेक करू नका. त्याच्यासाठी तुम्ही उन्हात विरघळलेली एक आकृती असता. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे आपोआप पेटलेले राहतात, ते अशा वेळी उपयोगी पडतात. चारचाकीवाल्यांनी आपणहून लावावेत.

हा चष्मा घ्यावा का, तर ज्यांचा रस्ता पाण्याच्या कडेने जातो किंवा पावसाळ्यात रोज गाडी चालवावी लागते त्यांनी जरूर घ्यावा, पण नंबराची वेगळी काळी भिंगे करण्याऐवजी नेहमीच्या चष्म्यावर बसणारी आणि एका बोटाने वर उचलता येणारी पोलराइज्ड क्लिप घ्यावी. सावलीत शिरताना ती नुसती वर करता येते. ही क्लिप त्याच दुकानात होती आणि मला कोणी सुचवली नाही, कदाचित मीही विचारले नाही. जानेवारीत मोतीबिंदूची पुन्हा तपासणी आहे. नंबर बदलला तर या वेळी क्लिपच घेणार आहे, आणि ती घेताना दाराशी नेऊन बॉनेटवर धरून पाहणार आहे. त्या पोदेरांची सायकल दुरुस्त होऊन महिन्याभरात पुन्हा रस्त्यावर आली. आता तिच्या मागच्या चाकावर लाल रिफ्लेक्टर आहे, तो मी बसवून दिला. सकाळच्या उन्हात त्याचा फारसा उपयोग नाही, हे मला माहीत आहे. अंधारात निघतात तेव्हा असावा म्हणून बसवला.